ही माहिती खरी कशावरून? स्रोत तपासायची पद्धत, नवख्यांसाठी पायरी पायरीने

काही वर्षांपूर्वी मी एका जुन्या पुलावर लेख लिहीत होते. पूल कधी सुरू झाला ते वर्ष हवं होतं. सर्च केलं, सात साइट्सवर एकच वर्ष मिळालं, ते लिहून मी पुढे गेले, कारण सात ठिकाणी एकच आकडा म्हटल्यावर अजून काय बघायचं असतं? कच्चा लेख एका ग्रंथपाल मॅडमना वाचायला दिला होता. त्यांनी त्या वर्षाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "हे सात जणांनी सांगितलंय, की एकाने सांगितलंय आणि सहा जणांनी उतरवून घेतलंय?"

मला उत्तर देता येईना. मग आम्ही दोघींनी त्या सातही साइट्स शेजारी शेजारी उघडल्या. इंजिनिअरच्या आडनावात सातही ठिकाणी तेच एक अक्षर चुकलेलं होतं. सात वेगवेगळ्या माणसांनी आपापलं शोधून लिहिलं असतं तर सगळ्यांची चूक अगदी एकाच अक्षरात कशी होईल? मॅडमनी कपाटातून त्या बांधकामाचा छापील अहवाल काढून दिला आणि त्यात कळलं की आमचं ते वर्ष पायाभरणीचं होतं, पूल वाहतुकीला खुला झाला तो त्यानंतर सहा वर्षांनी.

तेव्हापासून कुठलीही माहिती समोर आली की मी आधी एकच प्रश्न विचारते: हे याला कसं कळलं? सांगणारा कोण आहे, साइट किती भारी दिसते, किती जणांनी शेअर केलंय, ते सगळं नंतर. चीनची भिंत चंद्रावरून दिसते हे आपण सगळ्यांनी ऐकलंय ना? हे वाक्य १९३० च्या दशकात छापून आलेलं होतं आणि माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला १९६१ मध्ये, चंद्रावर उतरला १९६९ मध्ये. मग लिहिणाऱ्याला कसं कळलं? कळणं शक्यच नव्हतं. २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई जाऊन आले आणि मला भिंत दिसली नाही असं त्यांनी सांगितलं, ते तर पृथ्वीच्या कितीतरी जवळून बघत होते.

खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नातूनच निघतात. अभ्यासासाठी असो, लेख लिहायला असो, तब्येतीबद्दल काही निर्णय घ्यायचा असो की नुसता एखादा मेसेज पुढे पाठवायचा असो, पद्धत तीच, फक्त किती खोलात जायचं ते बदलतं.

## आधी काय काय जवळ हवं

- एक वही किंवा स्प्रेडशीट. रकाने असे करा: दावा काय, कुठे वाचला, कोणत्या तारखेला वाचला, तो म्हणणारा मूळ माणूस किंवा संस्था कोण, त्यांना कसं कळलं, मूळ कागद मी स्वतः बघितला का (हो/नाही).
- फोटोवरून शोधायची सोय: गूगल लेन्स किंवा टिनआय. दोन्ही ठेवा, कारण एकाला सापडत नाही ते कधीकधी दुसऱ्याला सापडतं.
- वेबॅक मशीन. इंटरनेट अर्काइव्हची ही सेवा २००१ पासून सगळ्यांना खुली आहे. पान उडवलं किंवा गुपचूप बदललं तरी जुनी प्रत बऱ्याचदा तिथे मिळते.
- संशोधनासाठी गूगल स्कॉलर, आणि मागे घेतलेले शोधनिबंध बघायला रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस.
- एखाद्या वाचनालयाचं सभासदत्व. हे लोक विसरतात. ग्रंथपालांना स्रोत शोधायचं रीतसर शिक्षण मिळालेलं असतं आणि विचारलं की ते मनापासून मदत करतात.

सर्चची एक युक्ती इथेच सांगते. अख्खं वाक्य अवतरण चिन्हांत टाकून शोधा, म्हणजे जसंच्या तसं तेच वाक्य कुठे कुठे आहे ते दिसतं. कॉपी पकडायला यापेक्षा सोपं काही मला अजून सापडलेलं नाही.

## १. दावा एका वाक्यात लिहून काढा

लेख, व्हिडिओ, मेसेज हे काही तपासता येत नाहीत, तपासता येतो तो दावा. पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत वीस दावे असतात, त्यातले अठरा खरे आणि दोन खोटे असतात आणि नेमके त्या दोघांसाठी व्हिडिओ बनवलेला असतो. म्हणून आधी लिहा: कोणी, काय, कधी, कुठे, किती. "शास्त्रज्ञ म्हणतात हे घातक आहे" हा दावाच नाही, कारण कोणते शास्त्रज्ञ, किती प्रमाणात घातक, कोणासाठी, काहीच कळत नाही. लिहायला बसल्यावर वाक्य बनतच नसेल तर तिथेच थांबा, तपासण्यासारखं काही नाहीये त्यात.

आणि एक, वाचल्यावर राग, भीती किंवा "बघा, मी म्हणतच होते" असं वाटलं तर दोन मिनिटं फोन बाजूला ठेवा. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास छापला, त्यात खोटी बातमी पुढे पाठवली जायची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. आणि हे काम बॉट्सपेक्षा (आपोआप चालणाऱ्या खात्यांपेक्षा) साध्या माणसांचं होतं, आपल्यासारख्या. खोटी गोष्ट नवी आणि धक्कादायक वाटते म्हणून हात पटकन फॉरवर्डकडे जातो.

## २. स्रोत कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

पुस्तकात तीन प्रकार सांगतात. प्राथमिक म्हणजे घटनेच्या वेळचं, घटनेत असलेल्यांचं: पत्र, डायरी, नोंदवही, कोर्टाचा निकाल, प्रयोगाचा मूळ निबंध, मूळ फोटो. दुय्यम म्हणजे त्यावर अभ्यास करून लिहिलेलं: इतिहासाचं पुस्तक, विश्लेषण, आढावा. तृतीयक म्हणजे दुय्यम स्रोतांचं सार: विश्वकोश, पाठ्यपुस्तक, विकिपीडिया.

नवख्यांचा घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगते. प्रकार हा कागदाला कायमचा चिकटलेला नसतो, तो तुमच्या प्रश्नावर ठरतो. १९५० सालचं शाळेचं भूगोलाचं पुस्तक नद्यांची माहिती काढायला तृतीयक आहे, पण "तेव्हा मुलांना भूगोल कसा शिकवायचे" हा प्रश्न असेल तर तेच पुस्तक प्राथमिक होतं.

दुसरं म्हणजे प्राथमिक म्हणजे खरं असं अजिबात नाही. डायरी लिहिणारा खोटं लिहू शकतो, विसरू शकतो, स्वतःला चांगलं दाखवू शकतो, आणि डायरीच खोटी असू शकते. एप्रिल १९८३ मध्ये एका जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या डायऱ्या सापडल्या म्हणून छापायला घेतल्या. हस्ताक्षर तज्ज्ञांनी अक्षर जुळतंय असं आधीच सांगितलेलं होतं. पण तुलनेसाठी तज्ज्ञांना दिलेले "अस्सल" नमुने होते ना, त्यातले काही डायऱ्या बनवणाऱ्या नकलाकारानेच लिहिलेले होते! म्हणजे खोट्याची तुलना खोट्याशी झाली आणि अर्थातच जुळलं. पुढे सरकारी प्रयोगशाळेने कागद तपासला तर त्यात युद्धानंतर वापरात आलेली रसायनं निघाली आणि दोनेक आठवड्यांत सगळं कोसळलं. दोन पुरावे एकमेकांशी जुळतात तेव्हा ते दोन्ही एकाच हातातून तर आले नाहीत ना, हे आधी बघा.

## ३. साइटवरच बसून राहू नका, बाहेर पडा

आपल्याला शिकवलेलं असतं की साइट नीट वाचा, "आमच्याबद्दल" वाचा, शुद्धलेखन बघा, डिझाइन बघा. मीही वर्षानुवर्षं तेच करायचे. यात अडचण अशी की साइट स्वतःबद्दल काय सांगते ते साइटच ठरवते. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा अशातली गत असते कितीतरी "राष्ट्रीय संशोधन परिषदां"ची. नाव घ्यायला कोणी अडवत नाही, लोगो एका तासात बनतो, आणि ओआरजीवर संपणारं डोमेन तर कोणीही विकत घेऊ शकतं, ते संस्थेच्या चांगुलपणाचं सर्टिफिकेट नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट चेकर (माहिती तपासणं हेच काम असलेले) आणि २५ विद्यार्थी यांना साइट्स तपासायला दिल्या. डॉक्टरेट असलेले इतिहासकार आणि हुशार विद्यार्थी साइटवरच वर खाली फिरत राहिले आणि बरेच जण फसले. फॅक्ट चेकर मात्र काही सेकंदांत साइट सोडून नवीन टॅब उघडायचे आणि बाकीचे लोक या साइटबद्दल काय म्हणतात ते बघायचे. कमी वेळात जास्त बरोबर उत्तरं त्यांची आली. याला आडवं वाचन म्हणतात.

तुम्ही करायचं एवढंच: संस्थेचं नाव सर्चमध्ये टाका, निकालातून तिची स्वतःची साइट वगळा, आणि पैसा कोण देतं, चालवतं कोण, आधी कुठल्या वादात होती का, हे बाकीच्यांकडून ऐका. पाच मिनिटं लागतात. पहिल्याच निकालावर क्लिक करू नका, आधी अख्खं पान खालीपर्यंत बघा, वर आलेल्यातले काही जाहिरातीचे असतात.

## ४. मूळ शोधा

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. लेखात "एका अहवालानुसार" असेल तर तो अहवाल काढा. अहवालात "आधीच्या अभ्यासानुसार" असेल तर तो अभ्यास काढा. असं मागे मागे जात राहायचं, जोपर्यंत अशा कोणापर्यंत पोचत नाही ज्याने स्वतः बघितलं, मोजलं किंवा ठरवलं. वाटेत कुठेतरी लिंक मेलेली निघते, कुठे लिंक असते पण तिथे ते वाक्यच नसतं, आणि बऱ्याचदा साखळी गोल फिरून परत पहिल्याच ठिकाणी येते.

गोल फिरणं म्हणजे काय ते बघा. फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मनीत कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग नवे अर्थमंत्री झाले. त्यांचं पूर्ण नाव खूप लांबलचक, दहा नावांचं. कोणीतरी विकिपीडियावर जाऊन त्यात मधेच "विल्हेल्म" हे अकरावं नाव घुसवलं. घाईत असलेल्या पत्रकारांनी ते तिथून उचललं, दुसऱ्या दिवशी मोठमोठ्या वर्तमानपत्रांत आणि न्यूज साइट्सवर विल्हेल्मसकट नाव छापून आलं. मग विकिपीडियावर कोणीतरी शंका काढली तर पुरावा म्हणून काय दिलं गेलं? त्याच बातम्या. एक माणूस, एक खोडी, आणि एका दिवसात "अनेक विश्वसनीय स्रोत" तयार.

म्हणून तोंडं मोजू नका, उगम मोजा. दहा वर्तमानपत्रांत बातमी आहे म्हणजे दहा पुरावे असं नसतं, बातमीच्या सुरुवातीला किंवा शेवटी वृत्तसंस्थेचं नाव बघा, रॉयटर्स, एपी, एएफपी असं काही असेल तर दहाही जणांनी एकच मजकूर घेतलाय. तो मजकूर चांगला असू शकतो, या संस्थांचे बातमीदार जागेवर असतात, पण वहीत तो एकच स्रोत म्हणून लिहा.

कॉपी ओळखायची खूण म्हणजे सारखी चूक, आमच्या पुलाच्या इंजिनिअरच्या आडनावासारखी. बरोबर गोष्ट दोन जण आपापली लिहू शकतात, पण तीच विचित्र चूक दोघांची सहसा होत नाही. शब्दकोशवाले हे मुद्दाम वापरतात: २००१ च्या एका नामांकित अमेरिकन इंग्लिश शब्दकोशात "एस्क्विव्हॅलियन्स" नावाचा अस्तित्वातच नसलेला शब्द अर्थासकट टाकलेला होता, आणि तो दुसरीकडे दिसला की कोणी उतरवलं ते कळायचं.

इथला सापळा: मूळ मिळालं की लोक खुशीत तिथेच थांबतात. मूळ मिळालं तर ते वाचा. मी कितीतरी वेळा बघितलंय की हेडिंग एक म्हणतं आणि मूळ अहवाल जवळजवळ उलटं म्हणतो, किंवा अहवालात "काही रुग्णांत", "शक्यता आहे" असं असतं आणि बातमीत येईपर्यंत ते "सिद्ध झालं" होतं.

## ५. संशोधन आणि आकडे

"जर्नलमध्ये छापून आलंय", म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकात, हे ऐकलं की लोक गप्प होतात. होऊ नका. तीन गोष्टी बघा.

पहिली, निबंध मागे घेतलाय का. लसीमुळे ऑटिझम होतो ही भीती पसरवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध १९९८ मध्ये "द लॅन्सेट"सारख्या मोठ्या जर्नलमध्ये आला होता. त्यात मुलं होती फक्त १२. पुढे लाखो मुलांवरच्या अभ्यासांत असा संबंध सापडला नाही, मूळ कामात गैरप्रकार उघड झाले, २०१० मध्ये लॅन्सेटने निबंध मागे घेतला आणि वेकफील्ड यांचा ब्रिटनमधला डॉक्टरकीचा परवानाही गेला. १२ वर्षं लागली याला, आणि अजूनही तो निबंध खरा म्हणून दाखवणारे भेटतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ज्या आईबापांनी विश्वास ठेवला ते बिचारे मुलांच्या काळजीपोटीच वाचत होते.

दुसरी, जर्नल खरंच तपासून छापतं का. पत्रकार जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये मुद्दाम ढोबळ चुका भरलेला बनावट निबंध ३०४ जर्नल्सना पाठवला, १५७ जणांनी तो स्वीकारला. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स आहेत आणि त्यांची नावं खऱ्या जर्नल्सशी मिळतीजुळती असतात. तसंच प्रीप्रिंट म्हणजे अजून कोणीही तपासणी न केलेला मसुदा, तो वाईट नसतो पण त्याला "सिद्ध" म्हणू नका. आणि पुस्तकावर आयएसबीएन आहे म्हणून विश्वास ठेवणारेही मी बघितलेत, तो फक्त पुस्तक ओळखायचा नंबर आहे, आत काय लिहिलंय ते कोणी बघत नाही.

एकट्या निबंधापेक्षा अनेक निबंधांचा पद्धतशीर आढावा बरा. तब्येतीच्या विषयात मी सगळ्यात आधी कॉक्रेन या असे आढावे काढणाऱ्या संस्थेचे आढावे शोधते.

तिसरी गोष्ट, टक्के कशाचे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा आला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, म्हणजे १०० टक्के वाढतो. बायका घाबरल्या, अनेकींनी गोळ्या एकदम सोडल्या. खरा आकडा काय होता? आधी सुमारे ७,००० बायकांत १, आता ७,००० त २. वाढ दुप्पट हे खरंच होतं, खोटं कोणीच बोललं नव्हतं. पण पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० जास्तीचे गर्भपात झाले. म्हणून "इतके टक्के वाढलं" दिसलं की विचारा, आधी किती होतं आणि आता किती झालं, साध्या माणसांच्या संख्येत सांगा. लेखात हे दोन आकडे नसतील तर मूळ निबंधात जाऊन शोधा, तिथे बऱ्याचदा असतात.

आणि कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ येते, ही म्हण आकड्यांच्या बाबतीत रोज आठवा. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी वाढली असं नसतं.

## ६. फोटो आणि व्हिडिओ

फोटो बहुतेक वेळा खोटा नसतो, फोटोखालची ओळ खोटी असते. जुना फोटो, दुसरा देश, दुसरी घटना. म्हणून रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे फोटोवरून शोध, करा आणि निकाल जुन्यापासून लावा, टिनआयमध्ये तशी सोय आहे. आजच्या घटनेचा फोटो चार वर्षांपूर्वीच्या पानावर दिसला की विषय संपला.

पाण्याने भरलेल्या हायवेवर गाडीशेजारी पोहणारा शार्क तुम्ही बघितला असेल. हा फोटो २०११ च्या वादळात फिरला, २०१७ च्या वादळात परत फिरला, दर मोठ्या पुरात त्याचं गाव बदलतं. शार्क खरा आहे, पण तो दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात कयाकच्या (छोट्या वल्ह्याच्या होडीच्या) मागे पोहणाऱ्या शार्कच्या एका प्रसिद्ध फोटोतून कापून चिकटवलेला आहे.

व्हिडिओ असेल तर दोन तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि ते शोधा. पाट्यांवरची भाषा, गाड्यांच्या नंबर प्लेट, सावल्या, लोकांचे कपडे, हवामान बघा. एआयने बनवलेल्या चित्रांत हातांची बोटं मोजा असा सल्ला अजून फिरतो, पण तो आता पुरत नाही, चित्रं खूप सुधारलीत. चित्र पहिल्यांदा कोणी टाकलं आणि तो माणूस खरंच तिथे होता का, हेच विचारावं लागतं.

## ७. विकिपीडिया आणि एआय चॅटबॉट

विकिपीडिया वापरू नका असं मी म्हणणार नाही, मी रोज वापरते. सुरुवात तिथून करा, शेवट तिथे करू नका. पानाच्या तळाशी संदर्भ असतात, ते उघडा. "इतिहास" टॅबमध्ये कोणी कधी काय बदललं ते दिसतं, "चर्चा" टॅबमध्ये भांडणं दिसतात आणि कधीकधी मूळ लेखापेक्षा तिथेच जास्त शिकायला मिळतं. विकिपीडियाचे स्वतःचे नियमसुद्धा सांगतात की विकिपीडियाला विकिपीडियाचा पुरावा म्हणून वापरायचं नाही.

चॅटबॉटचं प्रकरण वेगळं आहे. त्याला "हे तुला कसं कळलं?" विचारलं तर तो उत्तर देतो, पण ते उत्तरही तसंच बनवलेलं असू शकतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले सादर केले, नावं, नंबर, उतारे सगळं व्यवस्थित. त्यातले खटले कधी झालेच नव्हते. वकिलांनी त्याला विचारलं होतं की हे खरे आहेत का, त्याने हो म्हटलं होतं. कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. तर चॅटबॉटकडून शोधायला शब्द घ्या, अवघड निबंध समजावून घ्या, पण त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा, उघडला नाही तर तो संदर्भ नाहीये असं समजा.

## ८. माणसांचं सांगणं

माणूस हाही स्रोतच आहे, त्याला दोन प्रश्न विचारा. याला हे कळण्यासारखं होतं का, आणि हे सांगून याचा काय फायदा?

मोठं नाव म्हणजे सगळ्या विषयांतलं ज्ञान असं होत नाही. लायनस पॉलिंग यांना १९५४ मध्ये रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं अशी दोन नोबेल पारितोषिकं मिळाली, केवढा मोठा माणूस. पुढे ते क जीवनसत्त्वाचे मोठे डोस सर्दी टाळतात असं जोरात सांगायला लागले आणि जगाने ऐकलं. नंतरच्या चाचण्यांत, रोज क जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसाधारण लोकांत सर्दी टळते असं दिसलं नाही. तज्ज्ञाचं मत घेताना त्याच्याच विषयातले बाकीचे लोक काय म्हणतात तेही बघा.

"मी डोळ्यांनी बघितलंय" हेसुद्धा जपून घ्या. तो खोटं बोलत असेल असं नाही, पण आठवण बदलते. अमेरिकेत डीएनए चाचणीने नंतर निर्दोष ठरलेल्या लोकांना शिक्षा कशामुळे झाली होती ते बघितलं तर साक्षीदारांनी केलेली चुकीची ओळख हे सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे. घटना घडल्यावर लगेच लिहिलेलं वीस वर्षांनी सांगितलेल्यापेक्षा बरं, आणि दोन साक्षीदार एकमेकांशी न बोलता तेच सांगत असतील तर फारच चांगलं.

एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे चूक कबूल करणारा स्रोत. "मागच्या अंकात आम्ही अमुक चुकीचं छापलं" असं ठळक छापणारं वर्तमानपत्र, दुरुस्तीची तारीख टाकणारी साइट. नवखे लोक हे बघून म्हणतात, अरे हे चुकतात. चुकतात सगळेच. जे कधीच दुरुस्ती छापत नाहीत त्यांच्यापासून जास्त सावध राहा.

## ९. तारीख, आणि आपण स्वतः

तारखेचं थोडक्यात. २००५ चं खगोलशास्त्राचं पुस्तक नऊ ग्रह सांगेल, २००६ मध्ये प्लूटोला बटू ग्रह ठरवलं म्हणून आजचं आठ सांगेल. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. नियम, कायदे, औषधं, सॉफ्टवेअर यांत तारीख आधी बघायची, आणि "अपडेटेड" लिहिलेलं असलं तरी आत खरंच काय बदललंय ते वेबॅक मशीनवर जुनी प्रत काढून ताडून बघायचं.

आणि स्वतःचं. १९७७ मध्ये एका प्रयोगात दिसलं की तेच वाक्य परत परत ऐकलं की लोकांना ते जास्त खरं वाटायला लागतं, मग ते खोटं का असेना. म्हणजे ओळखीचं वाटतंय म्हणून खरं वाटतंय असं होतं. माझा उपाय असा की जी गोष्ट मला आवडली, माझ्या बाजूची आहे, ती मी दुप्पट तपासते आणि मुद्दाम ती खोटी आहे असं म्हणणाऱ्यांचा सगळ्यात चांगला लेख शोधून वाचते. सुरुवातीला जड जातं, पण मागच्या वर्षभरात यामुळेच मी दोन लेख छापायला जाण्याआधी थांबवले.

## १०. किती खात्री आहे तेही लिहा

तपासून झालं की "खरं" आणि "खोटं" असे दोनच खण करू नका. मी वहीत चार शब्द वापरते: मूळ बघितलं, दोन वेगळ्या उगमांनी जुळलं, एकाच उगमावर उभं, उगम सापडला नाही. लेखातही तसंच लिहिते, "अमुक अहवालात असं नोंदवलंय" आणि "असं सांगितलं जातं, पण मूळ नोंद मिळाली नाही". वाचक यावर नाराज होत नाहीत, उलट कोणीतरी कपाट उघडून ती मूळ नोंद पाठवतं, दोनदा झालंय असं माझ्याबाबतीत.

आणि चुकीचं पुढे पाठवून झालं असेल तर जिथे पाठवलं तिथेच दुरुस्ती टाका, त्याच ग्रुपवर, त्याच लेखाच्या वर, तारखेसकट. गुपचूप डिलीट केलं तर ज्यांनी आधीच वाचलंय त्यांच्या डोक्यातून ते जात नाही.

दुसऱ्याची चूक कळवायची असेल तर नुसतं "तुमचं चुकलंय" लिहू नका, ते वाचून कोणी काही बदलत नाही. त्या पुलाबद्दल मी सातही साइट्सना लिहिलं तेव्हा अहवालाचं नाव, छापल्याचं वर्ष, पान नंबर आणि त्या पानाचा स्वच्छ फोटो एवढं पाठवलं होतं. चौघांनी आठवड्याभरात वर्ष बदललं, त्यातल्या एकाने इंजिनिअरचं आडनावही नीट केलं. बाकी तिघांना मी दर सहा महिन्यांनी तोच फोटो परत पाठवते.